मऊ साडीची परवानगी

आईचं सगळं उरकलं, दहावा-तेरावा झाला, पाहुणे आपापल्या घरी गेले. घरात पुन्हा नेहमीसारखी भाजी-पोळी व्हायला लागली तेव्हा संस्थेतून फोन आला.

"ताई, आईंच्या जुन्या सुती साड्या असतील ना घरात? येताना घेऊन या. दादांच्या संपत आल्यात."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची समज जन्मापासून लहान पोराएवढीच राहिली. अंगापिंडाने मात्र तो वडिलांवर गेला, चांगला दांडगा. बोलतो मोजकं, तेही मनात आलं तर. आमची नाशिकला लागून भाजीची शेती होती. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर. वडील गेले, शेतावर प्लॉट पडले, आणि आईला एकटीला तो आवरेना. तेव्हा तिने छातीवर दगड ठेवून त्याला गंगापूर रोडच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधल्या एका संस्थेत ठेवलं. मी तोवर लग्न होऊन इंदिरानगरात आलेली. नोकरी, दोन मुलं, सासू. आई दर रविवारी त्याला भेटायला जायची. मी जायची सणावाराला.

दिवाळीच्या आधी ती जुन्या पातळांचं गाठोडं करून संस्थेत द्यायची, हे मला माहीत होतं. मला वाटायचं, गोधड्यांना. अहो, कोणालाही हेच वाटेल! जुनं सुती पातळ गोधडीला नाही तर कशाला? एकदा मी म्हटलंही, "आई, ते हिरवं मला दे ना. माझ्या नातवाला दुपटी होतील." तर तिने ते माझ्या हातातून ओढून घेतलं. "ते त्याचंय," म्हणाली. मला असा राग आला होता! मुलाचं सगळं, आणि मुलीला दुपट्यापुरतंही नाही.

तर फोन आल्यावर मी आईचं कपाट उघडलं. वर फोनवालीने बजावलं होतं, "खळ नको हां ताई. आई चार पाण्यातून काढून द्यायच्या." आईच्या कपाटाला तिचा वास होता, खोबरेल आणि कापूर. मी तिथेच खाली बसून रडले, मग नाक पुसून साड्या निवडल्या. त्यातच ते हिरवं होतं, बारीक मरून काठाचं, बाजारात भाजी घेऊन जाताना ती नेसायची ते. इतकं विरलं होतं की हातात धरलं तर पलीकडची बोटं दिसावीत. म्हटलं, त्याचंय ना, त्यालाच जाऊ दे. संस्थेच्या ऑफिसात गाठोडं दिलं. तिथल्या बाईंनी काठावरून हात फिरवला. "वा, आईंसारख्याच मऊ आणल्यात," म्हणाल्या. मला बरं वाटलं.

मग राखीपौर्णिमा आली. सकाळी घरातलं आवरून, डब्यात नारळीभात घेऊन मी दुपारी जेवणानंतर संस्थेत पोचले. एरवी मी सकाळची जाणारी. त्या वेळी दुपारी पहिल्यांदाच गेले.

दादा त्याच्या खाटेवर बसला होता. मला बघून हसला. मी पिशवीतून राखी काढली, गोंडा सरळ केला, दोरा दोन्ही हातांत ताणून धरला. तशी त्याने दोन्ही हात पुढे केले. मी म्हटलं, "अरे एकच, उजवा दे." तो उताणा झोपला. हात खाटेच्या दोन्ही कडांना, गजांपाशी नेऊन ठेवले, मनगटं वर करून. आणि डोळे मिटून घेतले.

राखी हातात, मी उभी. मागून तिथल्या मावशी आल्या. त्यांना हसू आलं. "ताई, त्याला वाटलं दुपारची येळ झाली," म्हणाल्या, आणि सवयीने खाटेच्या गजाला लोंबणारी पट्टी हातात घेतली. हिरवी. मरून काठाची.

पुढचं मला नीट आठवत नाही. आवाज चढल्याचं आठवतं. आजूबाजूच्या खाटांवरची मुलं (चाळिशीतलीही तिथे मुलंच) घाबरून भिंतीकडे सरकली. नारळीभाताचा डबा पडला. दादाने डोळे काही उघडले नाहीत. हात तसेच. बांधायची वाट बघत पडून राहिला.

व्यवस्थापकांच्या खोलीत मी गेले ती अंगात आल्यासारखीच. ते गृहस्थ शांत. पंखा मोठा केला, पाणी मागवलं. आणि म्हणाले, "पण ताई, तुम्हीच तर परवानगी दिलीत."

"मी? कधी?"

"साड्या आणून दिल्यात ना."

घ्या! म्हणजे तिथली रीतच ती होती. कागद नाही, विचारणं नाही. ज्याला बांधायची गरज वाटे त्याच्या घरच्यांना साडी मागायची. आईची, आजीची, घरातली. साडी आली म्हणजे घरच्यांची हरकत नाही असं समजायचं. सगळ्यांना ही पद्धत माणुसकीची वाटायची. दोरीने बांधत नव्हते ना, पट्ट्याने बांधत नव्हते. आपल्याच घरचं मऊ कापड, मनगटाला ओरखडा उठत नाही. "ज्यांच्या घरून साडी येत नाही त्यांना आम्ही बांधत नाही," ते म्हणाले, "खोलीला नुसती कडी लावतो." हे ते मोठ्या अभिमानाने सांगत होते. माझ्या तोंडात कोणी मारावी तसं झालं मला.

"आईला माहीत होतं?"

"अहो, आईंनीच दाखवलं आम्हाला," ते म्हणाले. "गाठ कशी मारायची, दोन बोटं जातील एवढी सैल कशी ठेवायची. त्यांच्या हातची गाठ दादांना आवडते."

राखी बांधायची राहिली ती राहिलीच. तशीच स्कूटी काढून घरी आले.

आता हे सांगायला हवं, की आईने त्याला बांधलेलं मी लहानपणी बघितलं होतं. रोज बघितलं होतं. आमच्या शेतात विहीर होती, कठडा नसलेली. आई खुरपायला बसली की दादाला पडवीच्या खांबाला बांधायची, कमरेला पदरासारखं पातळ गुंडाळून. शेजारच्या वस्तीवरचं एक पोर विहिरीत गेलेलं होतं, तेव्हापासून. मी शाळेतून आले की पहिलं काम त्याला सोडायचं. सोडलं की तो माझ्या दप्तरात डोकं घालायचा. त्यात मला कधी काही वाईट दिसलं नाही. आईला दोन हात, एक विहीर आणि असं पोर. दुसरी बाई असती तर तिने काय केलं असतं?

पण ती विहीर केव्हाच बुजली. तिच्यावर आता कोणाचं तरी पार्किंग आहे. आणि गाठ मात्र शेतातून निघून संस्थेत आली, खांबावरून खाटेवर, कमरेवरून मनगटांवर. आई गेली तरी ती तिथे दुपारच्या दुपारी बसतच राहिली.

त्या दिवसानंतर माझी दुपार गेली. जेवण झालं, भांडी विसळायला घेतली की माझे हात थांबायचे. आत्ता बांधत असतील. मी माझंच मनगट धरून उभी राहायची ओट्याशी. कपाटात आईची उरलेली पातळं होती, ती मला उघडवेनात आणि टाकवेनात. रात्री दिवा मालवला की आई दिसायची असं म्हणणार नाही. तसली बाई नाही मी. दिवसाउजेडी दिसायची. कोथिंबीर निवडताना. आणि मी तिला एकच विचारायची, आई, तू रविवारी दुपारचीच का जायचीस गं? सकाळी का नाही? तुझी तू बांधायला जायचीस का, दुसऱ्याचा हात लागू नये म्हणून? ती उत्तर काय देणार! हे म्हणाले, "तू भाजीशी बोलायला लागलीस." मी म्हटलं, "तुमच्याशी बोलून काय उपयोग झालाय आजवर?"

शेवटी मी परत गेले, भांडायलाच. तिथे मला भेटली संस्थेत येणारी नवी डॉक्टर. माझ्या मुलीच्या वयाची, पण बोलायला फटकळ, त्यामुळे माझं लगेच जमलं. मी तोंड उघडायच्या आत तिने मला थांबवलं. "तुमचा राग बरोबर आहे, पण नुसता राग घेऊन आलात तर हे लोक तुम्हाला चहा पाजून परत पाठवतील," म्हणाली. "मी आल्यापासून यांच्या मागे लागलेय. बांधणं, कोंडणं, गुंगीची गोळी, गेटचं कुलूप, सगळं एकाच माळेतलं. यातलं काहीही करायचं तर आधी विचारायला हवं. का करायचं, किती वेळ, आणि त्याआधी दुसरं काय करून बघितलं. परवानगीला मुदत हवी, दुधाच्या पिशवीवर असते तशी. आणि ज्याला बांधायचं तो माणूस समोर हवा."

"त्याला बोलता येत नाही."

"असू दे. समोर बसलेल्या माणसाला बांधा म्हणणं जड जातं."

विश्वस्तांपुढे तिने एका समितीचा आग्रह धरला. तिच्यात ती स्वतः, एक विश्वस्त, मावशींपैकी एक, आणि घरच्यांपैकी मी. मुख्य विश्वस्त वयस्कर, भले गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणत. जन्म संस्थेला दिलेला माणूस, त्यात शंका नाही. पण पहिल्याच बैठकीत म्हणाले, "इतकी वर्षं आम्ही पोटच्या पोरांसारखं सांभाळतोय. आता काय प्रत्येक दुपारी कोर्ट भरवायचं?"

"पोटच्या पोराला बांधता का हो तुम्ही?" मी विचारलं.

"ताई, मुद्द्यावर या."

"मुद्द्यावरच आहे मी!"

कारण काय होतं? तर जेवणं झाल्यावर दादा उठून गेटपाशी जायचा. एकदा गेट उघडं होतं, तो रस्त्यावर गेला, ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला. तेव्हापासून दुपारची गाठ. हे मला कोणी कळवलं नव्हतं. आईला कळवलं असेल. मावशी सुरगाण्याकडच्या, नवरा नाही, तिथेच राहायच्या. त्या एवढा वेळ खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांना बोलायला सांगितलं तर त्यांचा बांधच फुटला. "ताई, मला काय हौस हाय का? दुपारी आमी दोघीच असतो. एक भांडी घासती, एक कपडे धुती. इकडं एकाला फिट येती, तिकडं एक अंथरूण भरवतो. तुमचा दादा गेटाबाहेर गेला तर नोकरी माजी जाईल. तुमी ओरडून निघून जाल." त्यांचं खोटं नव्हतं. मला त्यांचा राग आला होता तो तिथे जरा निवळला. पण दादाचे पुढे केलेले हात काही डोळ्यांपुढून हलेनात.

काका म्हणाले, "मग गोळी वाढवू. दुपारभर झोपेल. बांधायला नको, काही नको."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! डॉक्टर म्हणाली, "काका, ते गोळीने बांधणं झालं. त्यालाही हीच परवानगी लागेल."

मग तिने तिचा शेवटचा नियम काढला. जो हो म्हणेल त्याने आधी समोर उभं राहून बघायचं. ऐकून नाही, कागदावर नाही. काका म्हणाले, "मी कशाला? मी काय बघितलं नाही का इतक्या वर्षांत?" पण खरंच बघितलं नव्हतं. दुपारी ते घरी जेवायला जात.

तर आम्ही सगळे त्याच्या खाटेभोवती उभे राहिलो, एखाद्याला बघायला आल्यासारखे. दादाला एवढी माणसं बघून मजा वाटली. त्याने काकांच्या पेनला हात लावला. मग मावशींनी पट्टी घेतली आणि त्याचं हसणं थांबलं. रडला नाही, ओरडला नाही. आडवा झाला, हात जागेवर ठेवले. मावशी हळूच बांधत होत्या. दोन बोटं घालून बघितली. हिरव्या कापडातून त्याच्या मनगटावरचे पांढरे झालेले केस दिसत होते. माझा भाऊ म्हातारा व्हायला लागलाय, हे मला तेव्हा दिसलं. तो छताकडे बघत राहिला, मग दाराकडे. कितीतरी वेळ दाराकडेच. काका खिडकीबाहेर बघायला लागले, तशी डॉक्टर म्हणाली, "काका, इकडे."

"सोडा," काका म्हणाले. "सोडा त्याला."

मी तेव्हा बोलले, जे इतके दिवस मनात साठलं होतं ते. म्हटलं, आईने बांधला तो विहिरीसाठी. मला विहीर दाखवा इथली. नाही ना? मग तिची गाठ का वापरता? ती बाई गेली, विहीर गेली, शेत गेलं, आणि परवानगी तेवढी जिवंत राहिली. अशी कशी कोणाची परवानगी मेल्यानंतर चालते? बोलता बोलता माझं रडं फुटलं, मला अगदी लाज वाटली. मावशींनीच पाणी दिलं.

ठरलं ते असं. साड्या मागायची रीत बंद, सगळ्यांसाठी. दादाला दिवाळीपर्यंत बांधायचं नाही. त्या काळात दुपारी कोणीतरी त्याच्याजवळ बसायचं. तो गेटबाहेर गेला, किंवा कोणाला इजा झाली, तर समिती पुन्हा बसणार, आणि मग बांधा म्हणणाऱ्यांना नाही म्हणायला माझ्याकडे काही उरणार नव्हतं. माणूस कुठून आणायचा, पगार कोण देणार, यावर सगळे छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी बसते. निवृत्त बाई, दुपारी घरी काय करते? यांच्या घोरण्याला ताल देते.

तुम्हाला वाटेल, सोडल्यावर तो आनंदाने नाचला असेल. कसलं काय! पहिल्या दुपारी जेवण झालं तसा तो आडवा झाला, हात गजांपाशी ठेवले आणि वाट बघायला लागला. मी त्याचे हात पोटावर आणून ठेवले. त्याने परत नेले. मी म्हटलं, "दादा, नाही बांधायचं आता. झोप मोकळा." तो उठून बसला. पुन्हा आडवा. शेवटी रडायला लागला, तोंड वासून, मोठ्या माणसाच्या आवाजात लहान पोराचं रडणं. मी हात धरायला गेले तर हिसडा दिला. माझी बांगडी फुटली, मनगटातून रक्त आलं. इजा झाली म्हणायचं तर झालीच होती, पण मी ओढणी गुंडाळून घरी आले आणि कोणाला काही बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात काका खोलीत डोकावले. दादा हात पसरून पडलेला. "बघा ताई," ते हळूच म्हणाले, "त्यालाच हवंय. आपण त्याच्या मनाविरुद्ध सोडतोय का?"

"काका, पोपटाचा पिंजरा उघडला आणि तो आतच बसला तर त्याला पिंजरा आवडतो असं म्हणाल का तुम्ही?" मी ताडकन बोलले. पण खरं सांगते, त्या दिवशी घरी जाताना मी डगमगले होते. गाठ बसली की तो शांत होतो, हे मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. कोणासाठी चाललं होतं हे सगळं? त्याच्यासाठी की माझ्या दुपारींसाठी?

एके दिवशी मी जरा मावशींशी बोलत होते, तेवढ्यात तो उठून गेटकडे गेला. मी धावले. या वयात धावणं काय असतं ते माझ्या गुडघ्यांना विचारा. गेट अर्धवट उघडंच होतं, दूधवाला आत येत होता. पण दादा बाहेर गेला नाही. गेटच्या आत, अगदी उंबऱ्यावर उभं राहावं तसा उभा झाला आणि रस्त्याकडे बघत राहिला. नाशिककडून येणाऱ्या रस्त्याकडे. एक रिक्षा थांबली, कोणीतरी उतरलं, तो पुढे वाकला, मग मागे झाला. मी त्याच्या बाहीला धरून आत आणला. आला मुकाट.

मी हे समितीत सांगितलं. लपवलं असतं तर मावशींवर आलं असतं. काका म्हणाले, म्हणजे सवय गेली नाही. डॉक्टर म्हणाली, म्हणजे बाहेर गेला नाही. दोघांचं बरोबर होतं. गेटला आतून उंच खिट्टी बसवायची ठरलं, तीही दिवाळीपर्यंतच, आणि माझी दुपार सुरूच राहिली.

नवरात्र उलटल्यावर तो थोडा निवळला. हात गजांपाशी न्यायचा, पण रडायचा नाही. मी त्याच्या शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसून मटार सोलायची, तो शेंगा द्यायचा. मला वाटायला लागलं, जमलं. आपण जिंकलो. दिवाळी तोंडावर आली होती, बैठक दुसऱ्या दिवशी होती, आणि मी मनात भाषण जुळवत होते. उन्हाचा पट्टा खोलीत आला होता. मागे मावशी भांडी घासत असल्याचा आवाज. फराळाचं करून आदल्या दिवसाचा शीण होता, मी जरा पाठ टेकली. डोळा लागला.

जाग आली ती हात ओढल्यासारखा वाटला म्हणून. उजवा हात हलेना. मी मान वळवून बघितलं. माझं मनगट खाटेच्या गजाला बांधलेलं होतं, माझ्याच ओढणीने. गाठ नीटनेटकी, सैल, अगदी बेतशीर. दादा माझ्या खाटेशी उभा होता, दुसरा हात कुठे ठेवावा या विचारात. मी जागी झालेली बघून तो गडबडला नाही. खाली वाकला. माझ्या कपाळावर हात ठेवला, जाडा, गरम हात, आणि दोन थापट्या मारल्या.

"झोप," तो म्हणाला. "आई येते."

त्याने हे शब्द कुठून उचलले ते विचारायची गरज नव्हती. सूर मावशींचा होता, आणि त्यांच्या आधीच्या मावशींचा, आणि त्याही आधी, कोण जाणे, शेतात खुरपायला निघालेल्या आईचा. बांधताना हेच म्हणत आले असतील सगळे. आणि एके काळी ते खरंही होतं. संध्याकाळी आई शेतातून यायचीच. रविवारी ती यायचीच. आई गेली तेव्हा संस्थेने मला सांगितलं होतं, तुम्ही काही बोलू नका, आम्ही आमच्या पद्धतीने हळूहळू सांगू त्यांना. मी त्यावर विसंबले होते. आमच्या या समितीत आम्ही कापड काढलं, गोळी अडवली, खिट्टीला मुदत घातली. या दोन शब्दांना परवानगी कोणी दिली, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

म्हणून तो हात पुढे करत होता. बांधून घेतलं की आई येते. आम्ही बांधायचं थांबवलं, आणि त्याच्या हिशोबाने आम्हीच तिचं येणं थांबवलं होतं.

माझा डावा हात मोकळा होता. गाठ एका ओढीत सुटली असती. मी सोडली नाही. म्हटलं, आता नाही सांगितलं तर कधीच होणार नाही.

"दादा," मी म्हणाले, "आई गेली रे. देवाघरी गेली. आपली आई आता येणार नाही. रविवारी पण नाही. कधीच नाही."

त्याने ऐकलं. नीट ऐकलं, मान कलती करून. त्याचा चेहरा हलला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, ते मी कधी विसरणार नाही. जणू मी चुकत होते आणि त्याला माझी कीव येत होती. हट्ट करणाऱ्या, झोपायला तयार नसलेल्या पोराकडे थकलेलं माणूस बघतं ना, तसं. त्याने पुन्हा माझ्या कपाळावर थापटलं.

"येते," तो म्हणाला. "झोप तू."

मग तो माझ्या पायाशी खाटेवर बसला आणि दाराकडे तोंड करून वाट बघायला लागला. त्याच्या आवाजात इतकी खात्री होती की मीही दाराकडे बघितलं.